रोज मरे त्याला कोण रडे? कॅज्युअल्टीत परत परत येणारं दुखणं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

  कुणी बसमध्ये दांडी धरून उभे असाल, कुणी रूमवर भांडी घासत असाल, कुणी नुसतेच पडले असाल. ऐकत राहा.

दर वेळी मी एखादा आजार समजावून सांगतो आणि स्वतः बाजूला राहतो. आज तसं जमणार नाही, कारण आजच्या गोष्टीत चूक माझी आहे.

मी इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट. विदर्भातलं एक मोठं सरकारी हॉस्पिटल. नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही कॅज्युअल्टीत घडू शकलं असतं. डिसेंबर महिना, रात्रीचे पावणेतीन, कडाक्याची थंडी. दारातून एक पोरगा आत आला. एकोणीस-वीस वर्षांचा, अंगात दोन स्वेटर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाइल. मागे त्याची आई. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा परत आला."

तीन महिन्यांत त्याची ही सहावी खेप होती. वॉर्डातले मामासुद्धा त्याला ओळखायचे. आमच्यात अशा पेशंटला "रेग्युलर गिऱ्हाईक" म्हणायचे. ऐकायला वाईट वाटतं ना? तेव्हा मला नव्हतं वाटलं.

"काय होतंय?"

"हाडं फोडल्यासारखी दुखते जी. पाय, कंबर. अन् आज छातीतही चमकते."

दहापैकी किती दुखतंय म्हणून विचारलं, तर म्हणाला नऊ. बीपी नॉर्मल. नाडी थोडी जास्त, पण घाबरण्यासारखी नाही. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९६. मी केस पेपरवर लिहिलं: सिकलसेलचा जुना पेशंट, अंगदुखी. डायक्लोचं एक इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. अर्ध्या तासाने बघतो तर हा मोबाइलवर रील बघतोय. माझे सीनियर हसून म्हणाले, "नऊ दुखणारा माणूस रील बघतो का रे?" मीही हसलो.

मग एक अॅक्सिडेंट आला, मग एक विष घेतलेला पेशंट. सहा वाजता त्याची आई धावत आली. "साहेब, पोरगा बोलून नाही राहिला जी." पोराचे ओठ काळसर पडले होते. ऑक्सिजन ८४.

"आज छातीतही चमकते" हे तीन शब्द त्याने मला पावणेतीनला सांगितले होते. माझ्या केस पेपरवर ते नव्हते.

तो वाचला. ते शेवटी सांगतो. आधी हे समजून घेऊ की असं होतं कसं. कारण त्या रात्री कॅज्युअल्टीत कुणीही दुष्ट नव्हतं. सगळे थकलेले होते, आणि सगळ्यांना वाटत होतं की हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे.

कॅज्युअल्टी कशासाठी असते?

कॅज्युअल्टी किंवा इमर्जन्सी विभाग ही जागा एका प्रश्नाभोवती बांधलेली असते: आत्ता, या घडीला, कोण मरू शकतं? म्हणून तिथे नंबराने बघत नाहीत. छातीत कळ आलेला माणूस तुमच्यानंतर येतो आणि तुमच्या आधी आत जातो. ते योग्यच आहे. यालाच ट्रायाज म्हणतात.

या पद्धतीत डॉक्टरची नजर कायम "नवीन काय?" हे शोधत असते. नवीन फ्रॅक्चर, नवीन झटका, नवीन रक्तस्राव. आणि जो माणूस तेच दुखणं घेऊन सहाव्यांदा येतो, त्याच्याकडे नवीन काही नसतंच. एक्स-रे तोच, रक्त तसंच. मग हळूहळू त्याच्यावर एक शिक्का बसतो. कागदावर कुणी लिहीत नाही, पण सगळ्यांना माहीत असतो. आपल्याकडे म्हण आहेच, रोज मरे त्याला कोण रडे.

हा शिक्का दोन प्रकारे नुकसान करतो. एक, दुखणाऱ्या माणसाला औषध उशिरा आणि कमी मिळतं. दोन, आणि हे जास्त भयानक, खरंच काही नवीन घडलं तरी ते कुणाला दिसत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही झालं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या देशभरच्या इमर्जन्सी विभागांच्या नोंदी तपासून एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सिकलसेलच्या पेशंटना डॉक्टरने बघेपर्यंत इतर पेशंटपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त थांबावं लागत होतं. सोयी भरपूर, पैसा भरपूर, तरी हाच बाक आणि हीच वाट बघणं.

विळ्याच्या आकाराचं रक्त

आता सिकलसेल म्हणजे काय ते बघू. विदर्भातल्या, नंदुरबार-धुळ्याकडच्या, पालघर-मेळघाटातल्या श्रोत्यांना हा शब्द शाळेपासून माहीत असेल. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच जणांनी तो नुसता ऐकलेला असेल.

आपल्या रक्तातली तांबडी पेशी असते मधोमध अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखी. मऊ, लवचिक. केसाहूनही बारीक रक्तवाहिनीतून ती अंग चोरून निघून जाते. तिच्यात हिमोग्लोबिन असतं, ते ऑक्सिजन वाहून नेतं. या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन. बस्स, एवढाच बदल. पण त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ काड्या तयार करतं, आणि पेढा वाकून विळा होतो. सिकल म्हणजे विळाच.

हे विळे बारीक वाहिन्यांमध्ये अडकतात. अरुंद बोळात बैलगाडी आडवी झाली तर मागे सगळं तुंबतं ना, तसं. पुढच्या हाडाला, स्नायूला रक्त मिळत नाही. ऑक्सिजनवाचून तो भाग गुदमरतो, आणि जी कळ उठते तिला क्रायसिस म्हणतात. थंडी, कमी पाणी पिणं, ताप, अति श्रम, ताणतणाव, यातल्या कशानेही ती उठू शकते. कधी कधी काहीच कारण सापडत नाही. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याची पेशी १० ते २० दिवसांत मरते. म्हणून रक्त कायम कमी, थकवा कायम.

आई आणि बाबा दोघांकडून हा बदल आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर तो माणूस वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, उलट त्याला गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणूनच जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हा जनुक टिकून राहिला. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात आजार असलेलं मूल होण्याची शक्यता २५ टक्के.

माहिती जुनी आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या पेशींचं वर्णन १९१० मध्ये छापलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा जनुक सापडला. मध्य भारतातल्या वाहकांबद्दलचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. म्हणजे आपल्या नागपूर पट्ट्यात हा आजार आहे हे साठ वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. तरी तो पोरगा बाकावर बसला होता.

दुखणं मोजायचं यंत्र नाही

आता मुद्द्याचं. क्रायसिस चालू आहे की नाही हे सांगणारी रक्ताची एकही तपासणी नाही. हिमोग्लोबिन त्याच्या नेहमीच्या पातळीवर असू शकतं. एक्स-रे स्वच्छ असू शकतो. नाडी, बीपी नॉर्मल असू शकतं. पुरावा एकच, माणूस काय सांगतो तो. आणि आपली अडचण अशी की ज्याला वर्षानुवर्षं दुखतंय तो दुखणाऱ्या माणसासारखा दिसत नाही.

तुम्हाला दाराच्या फटीत बोट सापडलं तर तुम्ही ओरडाल, घामाघूम व्हाल, नाडी पळेल. हे तीव्र दुखणं. शरीर सायरन वाजवतं. पण सायरन महिनोन् महिने वाजत राहू शकत नाही. शरीर जुळवून घेतं, चेहरा जुळवून घेतो. माणूस शिकतो की ओरडून काही होत नाही, उलट शेजारच्या खाटेवरची म्हातारी घाबरते. मग तो गप्प बसतो, डोळे मिटतो, किंवा मोबाइल काढतो.

मी त्याला नंतर त्या रीलबद्दल विचारलं होतं. लाज वाटत होती तरी विचारलं. तो म्हणाला, "सर, मोबाइल नाही पाहिला तर लक्ष सगळं पायातच जाते. मग रडू येते."

म्हणजे आम्ही ज्याला दुखत नसल्याचा पुरावा समजलो, ते त्याचं औषध होतं. आमच्या डायक्लोपेक्षा बरं.

जुनं दुखणं वेगळं का असतं?

तीन महिन्यांहून जास्त काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला वैद्यकात दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी वर्गवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकालीन वेदनेला पहिल्यांदाच स्वतःचं खातं मिळालं. म्हणजे ते दुसऱ्या आजाराचं शेपूट राहिलं नाही, तो स्वतः एक आजार ठरला.

असं का? एक उदाहरण देतो. वाड्यावर राखणीला कुत्रं आहे. चोर आला की भुंकतं, काम चोख. पण समजा महिनाभर रोज रात्री चोर यायला लागले. मग ते कुत्रं दूधवाल्यावर भुंकेल, पोस्टमनवर भुंकेल, पान पडलं तरी भुंकेल. कुत्रं खोटं बोलत नाहीये. त्याचा कान जास्त तिखट झालाय. मज्जासंस्थेचंही असंच होतं. सतत वेदनेचे संदेश आले की पाठीच्या कण्यातले आणि मेंदूतले मार्ग जास्त संवेदनशील होतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी हे १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगातून दाखवलं. नंतर साधा स्पर्शही दुखू शकतो, आणि मूळ इजा बरी झाली तरी भुंकणं थांबत नाही.

सिकलसेलमध्ये दोन्ही एकत्र असतात. अधूनमधून खरे चोर येतात, म्हणजे क्रायसिस. आणि मधल्या काळात कान तिखट झालेलं कुत्रं. शिवाय कित्येकांच्या खुब्याच्या हाडाचा गोळा रक्त न मिळाल्याने झिजत जातो, तो ठणका रोजचाच. कंबरदुखी असो, मायग्रेन असो, अपघातानंतर राहिलेलं दुखणं असो, ज्यांना कॅज्युअल्टीत पुन्हा पुन्हा जावं लागतं त्यांच्यापैकी अनेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते.

जे घरी राहतात ते कोण?

आता तुम्हाला एक अभ्यास सांगतो, ज्याने माझी झोप उडवली होती. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये सिकलसेल असलेल्या २३२ जणांनी सहा महिन्यांपर्यंत रोज डायरी लिहिली. आज दुखलं का, किती दुखलं, दवाखान्यात गेलात का. २००८ मध्ये निकाल छापून आला. एकूण ३१ हजारांहून जास्त दिवसांच्या नोंदी होत्या. त्यांपैकी निम्म्याहून जास्त, ५४.५ टक्के दिवशी दुखत होतं. आणि दुखण्यासाठी दवाखाना गाठलेले दिवस किती? ३.५ टक्के. जवळपास २९ टक्के लोकांना तर जवळजवळ रोजच दुखत होतं.

हे आकडे उलटे करून बघा. आम्ही म्हणत होतो, "हा सारखा येतो." खरं काय होतं? तो सारखा घरी राहत होता. दात आवळून, पाय पोटाशी घेऊन, गोधडीत. आम्हाला दिसत होती ती फक्त त्याची हरलेली रात्र. आठव्या दिवशी वॉर्डात त्याने मला हेच एका वाक्यात सांगितलं होतं: "सर, मी रोज येत नाही जी. दुखते रोज. सहन नाही झालं की येतो." डायरीवाला अभ्यास मी नंतर वाचला. पण उत्तर मला आधीच मिळालेलं होतं, नागपुरी मराठीत.

"याला औषधाचं नाव कसं माहीत?"

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे शिक्का पक्का होतो. असा पेशंट म्हणतो, "डायक्लोने फरक पडत नाही सर, मागच्या वेळी ट्रामाडॉल दिलं होतं." झालं! आमच्या भुवया वर. याला औषधाचं नाव पाठ आहे, म्हणजे व्यसन असणार.

जरा विचार करा. शुगरवाले काका येऊन म्हणाले, "मी सकाळी इन्सुलिनचे अठरा युनिट घेतो," तर आम्ही म्हणतो, वा, किती जागरूक पेशंट! मग दुखणाऱ्या पोराने आपल्या औषधाचं नाव सांगितलं तर तो चोर कसा?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. काही औषधं वारंवार घेतली की शरीराला त्यांची सवय होते आणि तेवढ्याच आरामासाठी डोस वाढवावा लागतो. हे शरीराचं काम. व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे दिसूनही औषधामागे धावत सुटणं, दुखणं असो वा नसो. व्यसन होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही, म्हणून तर ही औषधं डॉक्टरच्या देखरेखीखालीच हवीत. पण दुखतंय म्हणून औषध मागणं हे व्यसनाचं लक्षण नाही.

आपल्याकडे भीतीला कायद्याचीही किनार आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर मॉर्फिन ठेवण्यासाठी इतके परवाने लागायचे की कित्येक हॉस्पिटलनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन आवश्यक वेदनाशामकांसाठी नियम सोपे आणि देशभर सारखे करण्यात आले. पण कागद बदलला म्हणून हाताची सवय लगेच बदलत नाही.

उलट्या बाजूने धोकाही आहे. मेडिकलमधून डायक्लो किंवा तसल्याच गोळ्या घेऊन महिनोन् महिने खाणं. सिकलसेलमध्ये किडनी आधीच नाजूक असते, आणि या गोळ्या तिच्यावर घाला घालतात. साध्या कंबरदुखीवाल्यांनाही हे लागू आहे. स्वस्त आहे, चिठ्ठीशिवाय मिळतं, म्हणून निरुपद्रवी आहे असं समजू नका.

मग करायचं काय?

आधी डॉक्टर मंडळींसाठी, कारण तुमच्यातले काही जण मेडिकलचे आहेत हे मला माहीत आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: क्रायसिसचा पेशंट आल्यापासून एका तासाच्या आत वेदनाशामकाचा पहिला डोस द्या, आणि दर ३० ते ६० मिनिटांनी पुन्हा विचारा. ब्रिटनमध्ये तर पहिल्या डोससाठी अर्ध्या तासाची मर्यादा आहे. यातला "पुन्हा विचारा" हा भाग फुकट आहे. त्याला मशीन लागत नाही.

आणि एक प्रश्न तर केस पेपरवर छापूनच ठेवायला हवा: "आजचं दुखणं नेहमीसारखंच आहे, की वेगळं?" स्वतःचं दुखणं त्या माणसाइतकं कुणालाच माहीत नसतं. मी हा प्रश्न विचारला नव्हता. त्याने न विचारता उत्तर दिलं होतं, तेही मी ऐकलं नाही.

आता ज्यांना स्वतःला हा आजार आहे त्यांच्यासाठी.

पहिलं, एक पान तयार करा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या. त्यावर निदान, रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन किती असतं, कुठल्या औषधाने किती डोसमध्ये आराम पडतो, कशाची अॅलर्जी आहे, आणि त्या डॉक्टरांचा नंबर. जाड फाइल रात्री तीनला कुणी वाचत नाही, एक पान वाचतात. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरच्यांच्या मोबाइलमध्येही ठेवा.

दुसरं, आज दुखणं वेगळं असेल तर आत शिरताच पहिलं वाक्य तेच बोला. "नेहमीचं नाही, आज छातीत दुखतंय." आणि ते कागदावर लिहिलंय का ते बघा. संकोच करू नका.

तिसरं, हायड्रॉक्सियुरिया. या गोळीमुळे शरीरात बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी विळा व्हायच्या कमी होतात. १९९५ मध्ये २९९ प्रौढांवरच्या चाचणीत तिने क्रायसिसचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. पण ही दुखतं तेव्हा घ्यायची गोळी नाही, रोज घ्यायची आहे, आणि मधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. तुम्हाला ती कुणी सुचवलीच नसेल तर जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा.

चौथं, रोजच्या गोष्टी. पाण्याची बाटली सोबत, थंडीत ऊब, ताप अंगावर काढायचा नाही.

पाचवं, तुमचे हक्क. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढून घ्या. एसटीच्या प्रवास सवलतीत सिकलसेलचे रुग्णही येतात. तपासणीसाठी दर महिन्याला तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या घराला ही सवलत किती मोठी आहे, हे त्या घरालाच विचारा. आणि १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय. तुमच्या गावात तपासणी आली तर लाजू नका. बोटातून एक थेंब रक्त, एवढंच.

आणि केव्हा एक मिनिटही थांबायचं नाही? छातीत दुखणं, धाप लागणं, १०१ च्या वर ताप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक भयंकर डोकेदुखी, लहान मुलाचं पोट डाव्या बाजूला फुगणं किंवा ते एकाएकी पांढरंफटक पडणं, मुलग्यांमध्ये तासन् तास न उतरणारा दुखरा ताठरपणा. यातलं काहीही झालं की १०८ ला फोन लावा. "परत आला म्हणतील" याची भीती बाळगू नका. म्हणू द्या.

सोबत जाणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा आजार नसेल. पण तुमचा कुणी रूममेट, चुलत भाऊ, ऑफिसातली मैत्रीण असेल, जिचं सारखं काहीतरी दुखत असतं. तुम्ही तिच्यासोबत कॅज्युअल्टीत गेलात तर तुमचं काम एकच: तिचा आवाज व्हायचं. दुखणारा माणूस सहाव्यांदा भांडू शकत नाही. तुम्ही शांतपणे म्हणू शकता, "सिस्टर, औषध देऊन एक तास झाला, आराम नाही, डॉक्टरांना पुन्हा बघायला सांगता का?" आरडाओरडा नको. तिथले लोकही माणसंच आहेत, चोवीस-चोवीस तास उभे असतात. पण विचारत राहा.

आणि घरी? "काल तर बरी होतीस" हे वाक्य टाळा. काल ती बरी नव्हती, काल तिने दाखवलं नव्हतं.

आता त्या पोराचं सांगतो. सिकलसेलमध्ये फुप्फुसातल्या वाहिन्या तुंबून जी गुंतागुंत होते, तीच त्याला झाली होती. अशाने जीव जातो. त्याला आयसीयूत नेलं, ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं, अँटिबायोटिक्स दिली. आठव्या दिवशी तो उठून बसला. मी रोज जात होतो. त्याला वाटायचं माझी ड्यूटी आहे, पण माझी ड्यूटी कॅज्युअल्टीत होती. शेवटच्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. छातीचं तू बोलला होतास, मी लिहिलं नाही, माफ कर. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "असू द्या जी. पुढच्या वेळी लिहून घ्या."

पुढच्या वेळी. त्याने "पुन्हा असं करू नका" म्हटलं नाही. त्याला माहीत होतं की त्याला परत यायचंच आहे.

तेव्हापासून मी पेशंटचं पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत केस पेपरवर लिहितो. सीनियर हसायचे, हे काय कादंबरी लिहितोयस म्हणून. हसू देत.

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या ओळखीत कुणी असं "सारखं दुखणारं" असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि पाठवून झाल्यावर फोनही करा. सल्ला देऊ नका, फक्त विचारा, आज कसं आहे? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. पाणी प्या.